अवलंबित कोण?

(सैनिकांच्या कुटुंबातील स्त्रियांच्या प्रश्नांवर घेतलेल्या बैठकीत सातारा जिल्ह्यातील एका जवानाच्या पत्नीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. या मैत्रिणीच्या इच्छेवरून नाव छापलेले नाही. – संपादक मंडळ)

मला भाषणाची सवय नाही. बालवाडीच्या पोरांपुढं बोलायची होती, तीही सुटली. कशी सुटली ते पुढं येईलच. ताई म्हणाल्या, तुझं रोजचं जगणं सांग, तेवढं पुरे. म्हणून तेवढंच सांगते.

येताना हे कार्ड घेऊन आले आहे. पुढं पाठवते, हातात घेऊन बघा. यावर माझा फोटो आहे, माझ्या लेकीचा आहे. मिलिटरी हॉस्पिटलात जायचं, गेटमधून आत शिरायचं, तर हे दाखवावं लागतं. त्यावर इंग्रजीत लिहिलंय 'डिपेंडंट'. म्हणजे अवलंबित. नवऱ्यावर अवलंबून असलेली. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला आनंदच झाला होता. आपण सरकारच्या हिशेबात आलो, असं वाटलं. त्या शब्दाशी माझं भांडण सुरू झालं ते लेक झाल्यावर.

आमच्या जिल्ह्यात आपशिंगे गाव आहे. लोक त्याला आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक आहे, आणि ते असायलाच हवं. पण ते जवान तिकडं लढत होते तेव्हा इकडं पेरणी कुणी केली, तान्ही पोरं कुणी जगवली, त्या बायांबद्दल मी कुठं काही वाचलेलं नाही. आमच्या भागात अजून घराघरांत फौजी आहेत. आणि प्रत्येक फौजीच्या मागं एक बाई घर धरून बसलेली आहे.

दोन तारखा

आमची लेक ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. नवरा तेव्हा काश्मीरमध्ये, फील्डवर. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. ऐकणाऱ्याला वाटतं, तीन महिने म्हणजे चंगळ आहे. पण ती कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. आमच्याकडं दोन तारखा होत्या. एक डॉक्टरनी दिलेली बाळंतपणाची, दुसरी युनिटनं दिलेली सुट्टीची. दोन्ही जुळवून घेतल्या होत्या. लेकीला दोन्ही मान्य नव्हत्या. ती अकरा दिवस आधीच आली. नवरा दोन रात्री गाडीत काढून पोचला तेव्हा पोर नऊ दिवसांची होती.

बारसं झालं आणि तो कागदाला लागला. फौजेत लग्न झालं, मूल झालं, की ते 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापून यावं लागतं. ते आलं नाही तर फौजेच्या लेखी तुमचं लग्न नाही आणि मूलही नाही. आता गंमत ऐका. माझं माहेरचं नाव एक. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव दुसरं. पार्ट टू ऑर्डरमध्ये सासरचं नाव. शाळेचा दाखला, आधार, बँक सगळं माहेरच्या नावावर. बाळंतपण माहेरी झालं, म्हणून जन्मदाखल्यात आईचं नाव माहेरचं. म्हणजे कागदावर माझ्या नवऱ्याची बायको एक आणि माझ्या मुलीची आई दुसरीच.

प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव झालं, कागद युनिटला गेले, परत आले, पुन्हा गेले. लेकीचं नाव या कार्डावर यायला आठ महिने लागले. मी शिकलेली आहे, डी. एड. झालेली. नवरा जिवंत होता, पाठपुरावा करत होता. तरी आठ महिने. नवरा गेल्यावर ज्या बाईला हे निस्तरावं लागतं तिचे किती खेटे होत असतील ते तुम्हीच बघा. लग्नात बाईचं नाव बदलायची आपली हौस कुणाच्या जिवावर येते, हे मला त्या आठ महिन्यांत कळलं.

सगळं मजेत आहे

नवरा सुट्टी संपवून गेला. दोन महिन्यांनी मी लेकीला घेऊन सासरी आले. सासूबाई चांगल्या आहेत, खोटं बोलणार नाही. पण फौजीच्या घरात एक नियम असतो. तो कुणी लिहून ठेवलेला नसतो, पण नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात कळतो. फोनवर वाईट सांगायचं नाही. तिकडं माणूस बंदूक घेऊन उभा आहे, त्याच्या डोक्याला ताप नको. विहिरीची मोटर जळली, सांगायचं नाही. मामांची शुगर वाढली, सांगायचं नाही. माझ्या अंगावर दूध कमी पडतंय, रात्र रात्र पोर रडतीय, मला एकटीलाच हुंदके येतात, ते तर नाहीच नाही. "कशी आहे पिल्लू?" "मजेत." एवढाच फोन.

दुसरा नियम पैशाचा. पगार बँकेत जमा होतो. त्याचं एटीएम कार्ड मामांच्या खिशात. मागितलं तर ते नाही म्हणायचे नाहीत. पण मागावं लागायचं. पोरीच्या औषधाला मागायचं, मला पॅड हवे असले तरी मागायचं. मग मी पॅडचे पैसे औषधात मिळवून सांगायला लागले. शिकलेली बाई, आणि चोरी करायला लागले.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाला जवानांच्या ताफ्यावर हल्ला झाला. चाळीस जवान गेले. ते सीआरपीएफचे होते, माझा नवरा त्या रस्त्यावर नव्हता. पण हे मला दोन दिवसांनी कळलं. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. टीव्ही दिवसभर ओरडत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात मेणबत्ती मोर्चा निघाला. पोरं घरी आली, म्हणाली, वहिनी, तुम्ही बाळाला घेऊन सगळ्यात पुढं उभं राहायचं. त्यांनी फ्लेक्स केला होता. त्यावर माझा लग्नातला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात 'वीरपत्नी'. पोरांना वाटलं, वीराची पत्नी ती वीरपत्नी. वीरपत्नी कुणाला म्हणतात, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंनी तो फ्लेक्स बघितला आणि त्या खालीच बसल्या.

मी मोर्चात गेले. पोरीच्या अंगाला कसकस होती, तरी गेले. नाही म्हणायला जमलं नाही. सगळं गाव घोषणा देत होतं, आणि मला एकच दिसत होतं, की हिचा हात तापलाय. रात्री नऊला तिला आकडी आली. डोळे फिरले, अंग ताठ झालं. सहा महिन्यांचं पोर. मामा अजून चौकात होते, कार्ड त्यांच्या खिशात. शेजारच्या काकूंनी डब्यातले तीन हजार काढून दिले. दिराच्या मोटारसायकलवर बसून तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेलो. आमच्यासाठी फुकट उपचार आहेत ना, असं लोक म्हणतात. आहेत. ते मिलिटरी हॉस्पिटलात आहेत, आणि आमच्यासाठी ते पुण्याला. साताऱ्याहूनच शंभर किलोमीटरच्या वर. आकडी आलेलं पोर घेऊन रात्री तिथं कोण पोचणार? माजी सैनिकांसाठी गावोगावच्या शहरांत ईसीएचएसचे दवाखाने आहेत. पण ते निवृत्तांच्या कुटुंबांसाठी. मला तिथं दार नव्हतं.

तापामुळं येणारी आकडी होती. डॉक्टर म्हणाले, या वयात येते, घाबरू नका. पहाटे पोर दूध प्यायली. तिसऱ्या दिवशी फोन आला. नवरा म्हणाला, "मी ठीक आहे. पिल्लू कशी आहे?"

मी म्हणाले, "मजेत."

मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा कपाटात रेशनकार्ड शोधताना दवाखान्याची फाइल त्याच्या हाती लागली. तो रागावला नाही. फाइल घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, "तू सांगितलं नाहीस म्हणून मी तिथं डोकं ठिकाणावर ठेवून राहिलो, हे खरं आहे. पण मी हिचा बाप आहे का पाहुणा आहे, एवढं सांग."

मैत्रिणींनो, मला तोवर वाटत होतं की मी त्याग करत होते. त्या दिवशी कळलं की त्यात त्याचंही काहीतरी गेलं. बाप होण्यातलं अवघड तेवढं मी माझ्याकडं ठेवलं आणि त्याला फक्त फोटो पाठवले. हे मी आपणहून केलं नव्हतं, तसं करायला मला शिकवलं होतं. पण केलं मीच. आम्ही ठरवलं, इथून पुढं वाईटही सांगायचं. आणि त्यानं स्वतः मामांशी बोलून कार्ड माझ्या हातात दिलं. मामा चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले.

ठरवलं खरं, आणि ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमधले फोन बंद झाले. त्याच आठवड्यात सांगली-कोल्हापुरात महापूर. टीव्हीवर जवान बोटीतून बायका-पोरं काढताना दिसायचे. लेकीचा पहिला वाढदिवस त्याच महिन्यात. ती पहिलं पाऊल टाकत होती आणि सांगायला फोन नव्हता. युनिटच्या लाइनवरून कधीतरी दोन मिनिटं आवाज यायचा. मग मी एक वही केली. रोज लिहायची. आज दोन पावलं चालली. वरचा दात आला. आज मी तिच्यावर हात उचलला, मग रडले. हेही लिहिलं.

क्वार्टर नंबर

२०१९ च्या शेवटी युनिट पीस स्टेशनला आलं, राजस्थानात. आम्ही दोघी गेलो. लेक सव्वा वर्षाची. फौजीची बायको म्हटलं की लोकांना वाटतं बंगला. जवानांसाठी क्वार्टर कायमच कमी. २००२ मध्ये सरकारनं फौजी कुटुंबांसाठी सुमारे दोन लाख घरं चार वर्षांत बांधायची योजना आखली होती. ती मुदत पाळली गेली नाही. यादीत आपला नंबर येईपर्यंत बाहेर खोली घ्यायची. आम्ही चार महिने गावात भाड्यानं राहिलो. तिथं वाळूचं वादळ आलं की पोरीच्या दुधाच्या वाटीत वाळू.

तिथं मी एक गोष्ट बघितली. फौज पुरुषाला सगळं शिकवते. माझा नवरा बटण शिवतो, कपडे धुतो, इस्त्री अशी करतो की घडी मोडायची भीती वाटावी. अंथरूण चौकोनी घालतो. पोस्टवर पाळी आली तर वीस माणसांच्या पोळ्या लाटतो. आणि हाच माणूस सुट्टीवर साताऱ्याच्या स्टँडवर उतरला की हातातलं सगळं कसब तिथंच ठेवून घरी यायचा. आईसमोर ताट उचलायचा नाही. क्वार्टरमध्ये आई नव्हती. तिथं तो पहाटे पीटीला जायच्या आधी लेकीचे लंगोट धुवायचा. फक्त धुवायचा. वाळत घालायला मला बाहेर पाठवायचा, कारण समोरच्या ब्लॉकमधून दिसतं! मी एक दिवस म्हटलं, "अहो, तुम्ही बॉर्डरवर भीत नाही आणि दोरीला भिता?" तो हसला. पुढच्या आठवड्यात बादली घेऊन बाहेर गेला. समोरचा हवालदार बघत राहिला. महिन्याभरानं त्याच्या हातातही बादली आली. एवढाच क्रांतीचा इतिहास आहे, पण माझ्या ब्लॉकमध्ये घडलेला आहे.

लेक सुरुवातीला त्याच्याकडं जाईना. त्याला लागायचं. मग तो रात्री ती वही वाचायला लागला. कोणत्या गाण्यानं झोपते, कशाला भिते, सगळं त्यात होतं. हळूहळू ती गेली.

क्वार्टरमधल्या बायकांबद्दल सांगितलं नाही तर माझं तोंड भाजेल. खाली गढवाली, शेजारी तेलुगू, वर पंजाबी. नवरे दोन महिने एक्सरसाइजला गेले की ब्लॉकचं एकच घर व्हायचं. एकीचं पोर तापलं तर तिघी जागायच्या. पाळणाघर नव्हतं, आम्हीच पाळणाघर होतो. माझी लेक पाण्याला पाणी, नीळू आणि पाणी-दे असं तिन्ही म्हणायची.

पण तिथं बायकांनाही हुद्दा असतो. तो नवऱ्याचा असतो. साहेबांच्या मिसेस येणार म्हटलं की आम्ही दोन तास आधी साड्या नेसून, पोरांना गप्प करून बसायचो. पस्तिशीची बाई चोवीस वर्षांच्या मुलीला मेमसाब म्हणायची. एकदा माझी लेक रडली तर मला मागच्या रांगेत बसवलं. मला राग आला होता. मग एकदा त्यातल्याच एकीशी बोलणं झालं. ती दातांची डॉक्टर. सात वर्षांत चार बदल्या, दवाखाना एकदाही उभा राहिला नाही. म्हणाली, "मेरे पास भी वही कार्ड है." माझी बालवाडीची नोकरी अशीच गेली. इथं डी. एड., तिथं दुसरं राज्य, दुसरी भाषा, आणि रुजतंय म्हणेपर्यंत काळ्या ट्रंका पलंगाखालून बाहेर. लेकीला ट्रंक दिसली की ती त्यात जाऊन बसायची. तिला वाटायचं, आत बसलं की मागं राहणार नाही.

मग अवलंबून कोण?

आता हिशेब मांडू. तिकडं एक माणूस बर्फात उभा राहतो, कारण इकडं कुणीतरी त्याचे आईबाप, शेत, पोर आणि कर्जाचा हप्ता सांभाळतं. तिचा पगार शून्य. तिची नोकरी बदलीत गेली. आणि कागदावर तीच अवलंबित. मी नवऱ्याच्या कामाला कमी लेखत नाही. त्याच्या जिवाची भीती माझ्या पोटात रोज असते. पण फौज माझ्या कामावर उभी आहे, हे कुणीतरी म्हणायला हवं. आज मी म्हणते.

नियम बदलत नाहीत असं नाही. एक उदाहरण देते. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला भत्ता मिळतो. तिनं पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा. दिराशी केलं तरच चालू राहायचा! म्हणजे बाई घराबाहेर गेली नाही तरच तिचा हक्क. ही दिराची अट सरकारनं काढली ती २०१७ मध्ये. इतकी वर्षं ती होती, आणि आपल्या गावागावांत विधवा भावजयीला दिराशी बांधताना ती पुढं केली जात असणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये फौजेतल्या महिला शिपायांना अधिकाऱ्यांसारखीच १८० दिवसांची पगारी बाळंतपणाची रजा मंजूर झाली. वर्दीतल्या बाईचं आईपण कागदावर आलं. वर्दीच्या घरातल्या बाईचं यायचं आहे.

आणि नवी गोष्ट. जून २०२२ पासून जवान भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं नोकरी, त्यातले जास्तीत जास्त चारातला एक पुढं राहणार. बाकीच्यांना ठरलेली रक्कम मिळते, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आमच्या सासूबाईंची पिढी म्हणायची, सोस पोरी, शेवटी पेन्शन आहे. आता लग्नाच्या बोलणीत 'फौजी आहे' एवढं ऐकून मुलीच्या बापानं हुरळून जाऊ नये.

आता तुमच्याकडं मागणं. तुमच्या केंद्रावर फौजीची बायको आली, नवरा पैसे पाठवत नाही म्हणाली, तर "मिलिटरीचं प्रकरण आहे, आपल्याला काय कळणार" म्हणून तिला परत पाठवू नका. आर्मी ॲक्टमध्ये, कलम ९० अधिकाऱ्यांसाठी आणि ९१ बाकीच्यांसाठी, बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून पैसे कापायची तरतूद आहे. युनिटकडं रीतसर अर्ज करता येतो. कोर्टाचा रस्ता वेगळा आहेच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फक्त म्हाताऱ्या माजी सैनिकांसाठी नसतं, नोकरीतल्या जवानाच्या घरच्यांनीही तिथं जावं. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना आहे, तीत सैनिक कुटुंबांना कायद्याची मदत मिळते. आणि प्रत्येक बाईला एक पिशवी करायला सांगा. तीत पार्ट टू ऑर्डरची प्रत, लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले, बँक पासबुक, नवऱ्याचा नंबर-हुद्दा-युनिटचा पत्ता. सगळीकडं तिचं नाव एकच आहे का ते आज बघायचं. ही पिशवी तिच्याकडं राहिली पाहिजे. सासऱ्यांच्या पेटीत ठेवायची नाही.

आमच्याही मागण्या आहेत. क्वार्टरमध्ये पाळणाघर हवं. नोकरी करणाऱ्या बायकोची नोंदणी नव्या राज्यात सहज व्हावी. गावाकडं राहणाऱ्या तान्ह्या पोरांना जवळच्या दवाखान्यात उपचार मिळावेत. आणि पगाराचा ठरलेला हिस्सा सरळ बायकोच्या खात्यात यावा, म्हणजे पॅडसाठी कुणी चोरी करणार नाही. हे मागितलं म्हणून देशभक्ती कमी होत नाही. मेणबत्त्या घेऊन मला पुढं उभं करणाऱ्या गावानं यातली एक तरी मागणी उचलावी.

नवरा आता पुन्हा फील्डवर आहे. लेक शाळेत जाते. मागच्या आठवड्यात ती सायकलवरून पडली, कोपराला तीन टाके पडले. फोन आला तेव्हा मी पहिलं तेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, तिला दे फोन. दहा मिनिटं दोघं टाक्यांवर बोलत होते.

माझ्या गावात बैठक घ्यायला या. दिवाळीत मात्र येऊ नका. तेव्हा निम्मे फौजी सुट्टीवर असतात आणि आम्हाला चुलीपुढून उठता येत नाही. ते गेले की या. मी दहा-बाराजणी गोळा करते.